उद्योग आईचा, वेळ कुणाचा?

लिज्जत पापडाची गोष्ट आपल्याकडे महिला दिनाच्या भाषणात हमखास येते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या, भांडवल म्हणून छगनलाल पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेतले, आणि आज त्याच संस्थेत सुमारे ४५ हजार सभासद ‘बहिणी’ काम करतात, उलाढाल दीड हजार कोटींच्या पुढे गेली आहे. टाळ्या पडतात, भाषण संपतं, आणि समोर बसलेल्या बायकांना सांगितलं जातं की तुम्हीही मनावर घेतलंत तर काहीच अवघड नाही. या गोष्टीतला जो भाग भाषणात येत नाही, तोच मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्याच वर्षी पावसाळा आला आणि पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी या बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवून ठेवायचा, की झड लागली तरी काम चालू. जिद्द पहिल्या पावसाळ्यातही होतीच. नव्हती ती वाळवणाची सोय, आणि ती झाल्यावर धंदा बारमाही झाला.

आईला उद्योगासाठी प्रोत्साहन द्यायचं म्हणजे तिच्या मनात उमेद जागवायची, असं आपण धरून चाललो आहोत. म्हणून मेळावे होतात, प्रेरणादायी व्याख्यानं होतात, यशोगाथांच्या गुळगुळीत पुस्तिका निघतात. माझं म्हणणं असं, की उमेदीचा तुटवडा तिच्याकडे सगळ्यांत कमी आहे. पहाटे उठून तीन पिढ्यांचं करणाऱ्या बाईला ‘तू करू शकतेस’ हे बाहेरून येऊन सांगण्यात थोडा उद्धटपणाही आहे. तिच्याकडे सलग वेळ नसतो, माल रोखीने आणि घाऊक घेण्याची ऐपत नसते, बाजारात जाऊन विकण्याची मोकळीक नसते, आणि जे हाती येतं त्यावर तिचं नाव नसतं. महाराष्ट्रात आयांचे जे उद्योग खरोखर टिकले, त्यांच्याकडे बारकाईने पाहिलं तर या चारांपैकी निदान दोन ओझी कुणीतरी तिच्या डोक्यावरून उतरवलेली दिसतात. जिथे ती उतरली नाहीत, तिथे प्रोत्साहनातून बहुतेक वेळा कर्जाचा एक हप्ता तेवढा उरला.

आधी वेळेचं पाहू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपैशाच्या घरकामात घालवतात, तर पुरुष ८८ मिनिटं. त्यातही पुरुषांची सरासरी ही घरात काहीतरी करणाऱ्या पुरुषांचीच आहे. ज्यांनी त्या दिवशी कपबशीही उचलली नाही, ते या सरासरीत धरलेले नाहीत. लहानग्यांचं आणि आजाऱ्यांचं करणं याहून वेगळं मोजलं आहे. १५ ते ५९ या वयोगटात ते करणाऱ्या स्त्रियांचे त्यात १४० मिनिटं जातात आणि पुरुषांचे ७४. आकडे मोठे आहेतच, पण धंद्याच्या दृष्टीने त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे उरलेला वेळ एकगठ्ठा मिळत नाही. अंगणवाडीतलं मूल दुपारच्या आत घरी येतं, नळाला पाणी कधी येणार ते नगरपालिका ठरवते, सासऱ्यांच्या गोळ्या जेवणाआधीच्या असतात, शाळेची रिक्षा साडेपाचला दारात उभी राहते. यातून जो वेळ हाती लागतो तो शिंप्याकडच्या चिंध्यांसारखा. भरपूर असतो, पण त्याचा सदरा शिवता येत नाही.

म्हणूनच मध्येच हातावेगळी करता येतील अशी कामं आया निवडतात. पापडाची लाटी ओल्या फडक्याखाली झाकून ठेवता येते, फॉल-बीडिंगची साडी सुई खोचून बाजूला सारता येते, शिकवणीची मुलं पाच मिनिटं पाढे म्हणत बसतात. चकलीची कढई मात्र अशी सोडून उठता येत नाही, आणि तेल तापलेलं असताना दीड वर्षाचं मूल स्वयंपाकघरात रांगत असेल तर तो धंदा त्या घरात त्या वर्षी होऊ शकत नाही, मग प्रशिक्षण कितीही चांगलं मिळालेलं असो. याचा दुसरा परिणाम असा की अशा हातावेगळ्या होणाऱ्या कामांतच सगळ्याजणी एकवटतात. एका गल्लीत चार शिलाईयंत्रं, तीन ब्यूटी पार्लर आणि मसाले करणाऱ्या सहाजणी असतील, तर भाव पडणारच. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थाही बरेचदा हेच पाच-सहा अभ्यासक्रम वर्षानुवर्षं चालवतात आणि दर वर्षी त्याच गल्लीत आणखी वीस स्पर्धक तयार करून बाहेर पाठवतात.

या धंद्याचा हिशेब कसा लिहिला जातो, हेही जवळून पाहण्यासारखं आहे. उदाहरणादाखल दिवाळीतली दहा किलो चकलीची ऑर्डर घेऊ. किलोला ४५० रुपये धरले तर ४,५०० रुपये आले. भाजणीचं धान्य, दळण, तेल, तीळ-मसाला आणि पिशव्या मिळून २,६०० गेले. वहीत लिहिलं जातं: नफा १,९००. पण धान्य धुऊन वाळवणं, भाजणं, गिरणीत रांग लावणं, भिजवणं, पाडणं, तळणं, गार झाल्यावर भरणं आणि रात्री गिऱ्हाइकांच्या घरी पोचवणं यात तीन दिवसांचे मिळून वीस तास गेले, त्यांच्यापुढे वहीत शून्य आहे. गॅस ‘घरचाच’ म्हणून धरलेला नाही. तुटक्या चकल्या घरात खाल्ल्या गेल्या, अर्धा किलो नणंदेकडे गेला, दोघांनी पैसे भाऊबीज झाल्यावर देतो म्हणून सांगितलं. गॅसचे ४०० रुपये वजा केले तर तासाला ७५ रुपये पडतात. ते काही वाईट नाहीत, पण हा दर मिळतो वर्षातले तीन आठवडे. शिवाय नाक्यावरच्या दुकानात पामतेलातली चकली स्वस्त मिळते म्हणून पुढच्या वर्षी ती भाव उतरवते, आणि वजावट होते ती तिच्या तासांतून. मिळालेल्या १,९०० रुपयांतून मुलांचे कपडे येतात. पुढच्या आश्विनात धान्यासाठी पुन्हा उसनवारी. हिशेब चुकतो तो अडाणीपणामुळे नव्हे. संसार आणि धंदा यांचा डबा एकच असतो, आणि संसाराची गरज नेहमी आजची असते.

आता याच चौकटीत लिज्जतच्या कामाची रीत ठेवून पाहावी. केंद्रावर पहाटे पीठ मळलेलं तयार असतं. बहीण येते, आदल्या दिवशी लाटून वाळवलेले पापड तपासून देते, तिची वणाई, म्हणजे लाटणावळ, घेते आणि नवं पीठ घेऊन घरी जाते. उडीद ब्रह्मदेशातून, हिंग अफगाणिस्तानातून आणि मिरी केरळातून आणायची, ती मध्यवर्ती खरेदी संस्था करते. जाहिरात, वाटप, निर्यात, दुकानदाराकडची वसुली यांतलं काहीही तिच्या गळ्यात नाही. तिच्याकडे फक्त लाटणं आहे, म्हणजे कामाचा तेवढाच तुकडा, जो तिच्या तुटक वेळात बसतो. बाकीचा धंदा तिच्या वेळाला धक्का न लावता बाहेर चालतो, आणि तरी नफ्यात तिचा वाटा असतो. सात बायकांच्या जिद्दीपेक्षा ही विभागणी मला मोठी करामत वाटते. १९६६ साली संस्था रीतसर नोंदली गेली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही त्याच वर्षी मिळाली. गच्चीवरच्या उपक्रमाची संस्था झाली ती अशी, कागदोपत्री आणि नियमांनी.

यावर एक आक्षेप लगेच येईल आणि तो वजनदार आहे. पीठ घेऊन घरी जायचं, लाटून आणून द्यायचं, नगावर किंवा वजनावर पैसे घ्यायचे, हे तर घरबसल्या मजुरीचंच वर्णन झालं. सोलापुरात बिडी वळणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या. कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू घ्यायचा, घरी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायच्या, हजाराच्या दराने मोजून द्यायच्या. तपासणारा त्यातून छाट काढणार, ती पैशांत धरली जाणार नाही. पानं कमी पडली तर पदरचे पैसे घालून आणायची. घरातल्या मुलीही शाळेतून आल्यावर दोरा बांधायला बसणार. बिडी कामगारांसाठीचा कायदा १९६६ चा, म्हणजे लिज्जतची नोंदणी झाली त्याच वर्षीचा, हा योगायोग मोठा बोलका आहे. एकाच प्रकारच्या कामाला एकीकडे मालकीचा आणि दुसरीकडे मजुरीचा कायदेशीर आकार मिळाला. आईच्या वेळात बसणारं काम तिला घरी आणून देणं एवढ्यावर भागत नाही, हे सोलापूर आपल्याला सांगतं. नफ्यात वाटा कुणाचा, माल नाकारण्याचा अधिकार कुणाकडे आणि दर ठरवताना खोलीत कोण बसलेलं असतं, यावर सगळं अवलंबून आहे. लिज्जतमधली बहीणही स्वतंत्र उद्योजिका नाही, तिला स्वतःच्या पापडाचा भाव ठरवता येत नाही, हे खरं. पण एकटीने भाव ठरवणाऱ्या चकलीवालीची अवस्था आपण वर पाहिली. भाव ठरवायचं स्वातंत्र्य असून भाव पाडण्यापलीकडे तिला त्याचा उपयोग झाला नाही.

मुंबईतलं दुसरं उदाहरण याहून जुन्या धंद्याचं आहे. गिरणगावातल्या खाणावळी. कोकणातून, साताऱ्याकडून आलेला गिरणी कामगार बायको-मुलं गावी ठेवून एका खोलीत दहा-पंधराजणांत राहायचा आणि जेवायला एखाद्या बाईकडे महिना लावायचा. खाडे वजा करून पैसे पगाराला. म्हणजे बाई महिनाभर स्वतःच्या पैशाने पंधरा-वीस माणसांना जेवू घालणार आणि मग वसुली करणार. तेवढं भांडवल तिच्याकडे कुठून असणार? वाणी उधार द्यायचा, त्याचा भाव चढा. सावकार पैसे द्यायचा, त्याचं व्याज त्याहून चढं. दिवसाचे चौदा-पंधरा तास राबून तिची मिळकत वाण्याच्या वहीत जिरायची. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि कामगार चळवळीत मुरलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते नेमकी ही गाठ सोडवायला. राष्ट्रीयीकृत बँकांना गरिबांना कर्ज देणं भाग होतं, पण तारणाशिवाय खाणावळवालीला कोण दारात उभं करणार? मंडळाने बायकांचे गट केले, एकमेकींची हमी घेतली, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ते पैसे हातात आल्यावर धान्य रोखीने आलं. खाणावळीत नवीन काहीही घडलं नाही, आमटी तीच आणि चपात्या त्याच. फक्त उधारीची वही बंद झाली, आणि वाण्याकडे जिरणारा पैसा घरात राहू लागला. मला तर वाटतं, आईच्या उद्योगाला मदत म्हणून आजवर जे काही झालं त्यात याच्याइतकं नेमकं थोडंच काही असेल.

पण गिरणगावच दुसरी बाजूही दाखवतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. बरेचजण गावी परतले ते कायमचे. ज्या खाणावळीचं गिऱ्हाईकच एका उद्योगाच्या भोंग्यावर जगत होतं, तिथे बाईची सचोटी, चव आणि बँकेतली पत एका वर्षात कवडीमोलाची झाली. मंडळाने पुढे कार्यालयांना जेवण पुरवणं आणि खाद्यपदार्थ तयार करणं अशा वाटा शोधल्या, पण एकेकटी खाणावळ चालवणाऱ्या बाईला तेवढी उसंत कुठली? छोट्या धंद्याला बाजाराचा पहिला तडाखा बसतो आणि तिला त्याची खबर सगळ्यांत शेवटी लागते. ‘स्वतःच्या पायावर उभी राहा’ असं तिला सांगताना पायाखालची जमीन कुणाची आहे, हेही पाहावं लागतं.

पैशाच्या ओझ्याविषयी माण तालुक्यातल्या म्हसवडची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. फुटपाथवर राहून वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका बाईला पावसाआधी ताडपत्री घ्यायची होती आणि त्यासाठी पैसे साठवायचे होते. इतक्या चिल्लर रकमेचं खातं बँक उघडेना. चेतना सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं, तर प्रवर्तकांत अंगठा लावणाऱ्या बायका आहेत म्हणून पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा मुंबईला गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो, तुमच्या अधिकाऱ्यांना यंत्राशिवाय करायला सांगा, असं म्हणाल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. गोष्ट इथवर सांगितली की जिद्दीचीच वाटते. पण बँक चालली ती पुढच्या व्यवहारामुळे. बाजाराच्या दिवशी बायका बँकेत येऊ शकत नाहीत, एक दिवस आल्या तर त्या दिवसाची कमाई बुडते, म्हणून बँकच त्यांच्या दारात आणि बाजारात जाऊ लागली. ओळख पटवायला पिन नको, अंगठाच ठेवा, असा आग्रह बायकांनी धरला. कारण पिन घरातला कुणीही काढून घेऊ शकतो. तिच्या पैशाला तिच्याच घरातून असलेला धोका बँकेच्या तंत्रात धरला गेला, हे फार थोड्या ठिकाणी घडतं.

हा धोका काल्पनिक नाही. श्रीलंकेत २००५ च्या सुमारास डी मेल, मॅकेन्झी आणि वुडरफ या अर्थतज्ज्ञांनी छोट्या धंदेवाल्यांना चिठ्ठ्या टाकून बिनपरतीची रक्कम दिली. पुरुषांच्या धंद्याचा नफा चांगला वाढला, बायकांच्या धंद्याचा जवळपास काहीच वाढला नाही. बायकांना धंदा जमत नाही, असा निष्कर्ष काढायला काहीजण टपलेलेच होते. २०१९ मध्ये रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी भारत आणि घाना इथल्या माहितीसोबत पुन्हा तपासली, तेव्हा वेगळंच दिसलं. ज्या घरात नवऱ्याचाही धंदा होता, तिथे बाईला मिळालेला पैसा त्याच्या धंद्यात गेला होता. ज्या घरात तिचा एकटीचाच धंदा होता, तिथे तिचा नफा पुरुषांइतकाच वाढला होता. हैदराबादच्या झोपडपट्ट्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी लघुकर्जाचा परिणाम तपासला, तो निकालही उमेदीच्या प्रचारकांना रुचणारा नव्हता. आधीपासून चालू असलेले धंदे काहीसे वाढले. कर्जामुळे नव्याने सुरू झालेले धंदे लहान आणि कमी नफ्याचे होते. बायकांच्या घरातल्या निर्णयशक्तीत ठळक फरक दिसला नाही. आज मुद्रा योजनेतली दोन तृतीयांशांहून अधिक खाती बायकांच्या नावावर आहेत, आणि त्यातलं शिशु कर्ज ५० हजारांपर्यंतचं असतं. खात्यावर नाव तिचं आहे म्हणून धंदा तिचाच आहे, असं समजायचं कारण नाही.

मग कुणी विचारेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा या बायकांना नोकऱ्याच का देऊ नयेत? नेमकी वेळ, ठरलेला पगार, रजा. तात्त्विकदृष्ट्या मला हे मान्य आहे. चांगली नोकरी मिळत असेल तर आईने मसाल्याच्या धंद्यात पडावं, असं मी म्हणणार नाही. पण प्रत्यक्ष काय आहे? २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. हेतू चांगला, पण सगळा खर्च मालकाच्या डोक्यावर टाकल्याने तरुण बाईला नोकरीवर घेतानाच मालक विचार करू लागतो. आणि तालुक्याच्या गावात अशी आस्थापना असते तरी किती? २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात कामावर असलेल्या स्त्रियांपैकी ६७.४ टक्के स्वयंरोजगारात होत्या. त्यातही एकूण कामकरी स्त्रियांतल्या ३६.७ टक्के म्हणजे घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस. धार काढते ती, वैरण घालते ती, डेअरीत कॅन नेऊन देते तीच, आणि दर दहा दिवसांनी निघणारं दुधाचं बिल जमा होतं नवऱ्याच्या खात्यात. या बाईला नवा उद्योग सुरू करायला सांगण्याआधी तिचा चालू असलेला उद्योग तिच्या नावावर करावा. त्याला प्रशिक्षण लागत नाही, डेअरीच्या वहीतलं एक नाव बदलावं लागतं. नोकरदार आईला २६ आठवडे मिळतात. या बाईला मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात, आणि म्हैस बाळंतपणासाठी थांबत नाही.

आणखी एक आक्षेप बहुतेक घरांत दबक्या आवाजात आणि काही घरांत उघडपणे घेतला जातो: मुलांचं काय? आई धंद्यात गुंतली की मुलांची आबाळ होते. घरच्या घरी धंदा करण्याचा सल्ला याच भीतीतून येतो. दोन्ही सांभाळता येतं, असं म्हणतात. युगांडात सोलेन डेलेकोर आणि ॲन फिट्झपॅट्रिक यांनी छोटी दुकानं चालवणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. लहान मूल सोबत घेऊन धंद्यावर बसणाऱ्या बायकांचा नफा इतर बायकांपेक्षा जवळजवळ निम्म्याने कमी होता. दोन्ही सांभाळण्याची किंमत ही इतकी असते, आणि ती एकटी आईच भरते. मुलालाही त्यात काही मिळतं असं नाही. तापल्या कढईपासून दोन हातांवर बांधून ठेवलेल्या मुलाजवळ आई असते, पण तिचं लक्ष तेलात असतं. आजी असेल तर प्रश्न सुटतो, हे खरं, पण मग आजीचा वेळही फुकटच धरलेला असतो. आपल्याकडे सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. १९७५ पासून उभं राहिलेलं एवढं जाळं जगात फार थोड्या देशांत असेल, पण ते मुलांना काही तासच सांभाळतं. दिवसाचे साडेसात तास मूल ठेवता येईल अशी ‘पाळणा’ योजना केंद्राने आणली, त्यात १७ हजार अंगणवाड्यांचं पाळणाघरात रूपांतर करण्याचं ठरलं. लाखांच्या मानाने हजार. उद्योजक मेळाव्यांवर होणाऱ्या खर्चातला काही भाग अंगणवाडी दुपारी चारपर्यंत उघडी ठेवण्यावर झाला, तर तो मला जास्त थेट उद्योगविकास वाटेल.

शेवटचं ओझं विक्रीचं. तिथे सरकारचं वागणं सगळ्यांत विचित्र आहे. वर्षातून एकदा ‘सरस’सारखी प्रदर्शनं भरतात, बायका दहा-बारा दिवस घरदार सोडून मुंबईत स्टॉलवर बसतात, माल विकला जातो, फोटो छापून येतात. पण राज्यात बाराही महिने चालणारी खात्रीची बाजारपेठ सरकारच्याच हातात आहे: अंगणवाड्यांना लागणारा आहार. ठेकेदार नकोत, गावपातळीवरचे बचत गट आणि महिला मंडळं यांनाच हे काम द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच दिला होता. महाराष्ट्रात २०१६ च्या निविदेत अटीच अशा घातल्या गेल्या की खऱ्या लहान गटांना अर्जही करता येऊ नये. सुमारे ६,३०० कोटींचं हे काम होतं. २०१९ मध्ये न्यायालयाने ते रद्द केलं. एकीकडे बाईला उद्योगिनी व्हायला सांगायचं आणि दुसरीकडे तिचं हक्काचं गिऱ्हाईक मोठ्या पुरवठादाराच्या पदरात टाकायचं, असं चालत असेल तर यशोगाथांच्या पुस्तिका छापू नयेत हे बरं. केंद्राच्या खरेदी धोरणात बायकांच्या सूक्ष्म व लघुउद्योगांकडून किमान ३ टक्के खरेदी करायची तरतूद आहे. ती तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत आणि आश्रमशाळेपर्यंत झिरपली, तर दहा किलो चकलीच्या हंगामी ऑर्डरीऐवजी दर सोमवारी जाणारी शंभर किलो चिक्की शक्य होते.

प्रत्येक आईने उद्योग करावा, असं यातून मला सुचवायचं नाही. बहुतेक माणसांना धंदा जमत नाही, पुरुषांनाही नाही. बाईला मात्र ‘हे तुला जमायलाच हवं’ असा नवा धाक घातला जाऊ लागला आहे, तो घातक आहे. ज्यांना करायचा आहे त्यांच्यासाठी मात्र काय करता येईल, ते गावातच ठरू शकतं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, आणि सर्वसाधारण ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. हे १० टक्के बरेचदा शिलाईयंत्रांच्या वाटपात किंवा सतरंज्यांत संपतात. वाचकहो, येत्या महिला ग्रामसभेला जाणारी कुणी तुमच्या घरात असेल, तर तिला दोन गोष्टी मागायला सांगा: या पैशातून अंगणवाडीला जोडून दुपारचं पाळणाघर, आणि गेल्या तीन वर्षांत हा निधी कशावर खर्च झाला त्याचा लेखी हिशेब.